उन्हाळी सुट्टी आणि शालेय वाचा-उपचारतज्ज्ञाचे कार्य : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात

गोषवारा

शाळेत कार्यरत असलेल्या वाचा-उपचारतज्ज्ञाची उन्हाळी सुट्टी हा सामान्यतः कामातील खंड मानला जातो. वाणी, भाषा व श्रवण यांच्या अडचणी असलेल्या बालकाच्या दृष्टीने मात्र हा काळ निर्णायक असतो. वर्षभर कमावलेली भाषा या सहा आठवड्यांत घरी रुजू शकते किंवा विरूनही जाऊ शकते. प्रस्तुत लेखात सातारा व सांगली जिल्ह्यांतील सामाजिक व भाषिक परिस्थिती लक्षात घेऊन सुट्टीचा विनियोग कसा करता येईल, त्यातील मर्यादा कोणत्या आणि परिसरातील महाविद्यालयांना त्यात कोणता वाटा उचलता येईल, यांचा ऊहापोह केला आहे.

बीजसंज्ञा : वाचा-उपचार, श्रवणदोष, घरभाषा, उन्हाळी सुट्टी, पालक-सहभाग.

प्रस्तावना

विदर्भ वगळता महाराष्ट्रातील शाळांना साधारणपणे मे महिन्याच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत उन्हाळी सुट्टी असते. गणित किंवा इतिहास या विषयांचे अध्यापन सुट्टीत थांबले तरी त्याची भरपाई जूनमध्ये करता येते. भाषेचे तसे नाही. भाषा हा दिवसभर चालणारा व्यवहार आहे आणि बालक ज्या घरात राहते त्या घरातच तिची खरी कसोटी लागते. शाळेतील उपचारखोलीत ‘पाणी दे’ हे वाक्य स्पष्ट म्हणणारे मूल घरी केवळ बोट दाखवून पाणी मागत असेल, तर उपचार पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही. म्हणूनच सुट्टी हा वाचा-उपचाराच्या दृष्टीने विचारपूर्वक नियोजन करण्याचा विषय ठरतो.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतातील दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे २.६८ कोटी असून त्यांपैकी सुमारे ५०.७ लाख व्यक्ती श्रवणदोषाच्या आणि सुमारे २० लाख व्यक्ती वाणीदोषाच्या गटात नोंदल्या गेल्या. त्याच जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ आणि सांगली जिल्ह्याची २८,२२,१४३ होती. साताऱ्यातील ११ आणि सांगलीतील १० तालुक्यांमध्ये विखुरलेल्या बालकांपर्यंत वर्षभर प्रशिक्षित तज्ज्ञ पोहोचणे दुरापास्त असते. जी बालके शाळेच्या माध्यमातून उपचाराच्या कक्षेत आली आहेत, त्यांच्या बाबतीत तरी मिळवलेले टिकवणे हे पहिले कर्तव्य ठरते.

शालेय वाचा-उपचारतज्ज्ञ : भूमिका आणि पार्श्वभूमी

भारतात वाणी व श्रवण या विषयाचे पद्धतशीर शिक्षण विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात सुरू झाले. मैसूर येथील अखिल भारतीय वाणी व श्रवण संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये अस्तित्वात आली. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ मुळे या व्यवसायातील अर्हता व नोंदणी यांना वैधानिक अधिष्ठान लाभले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले असून त्यांत श्रवणदोषाबरोबरच वाणी व भाषा दिव्यांगत्वाचा स्वतंत्र उल्लेख आहे.

शालेय पातळीवर हे काम दोन ठिकाणी चालते. कर्णबधिर बालकांच्या विशेष शाळांमध्ये वाचा-उपचारतज्ज्ञ काम करतात. यांतील अनेक शाळा निवासी असल्याने तेथील बालके वर्षातील बहुतांश काळ घरापासून दूर असतात. दुसरे क्षेत्र सर्वसाधारण शाळांतील समावेशित शिक्षणाचे आहे. २०१८ पासून राबविल्या जाणाऱ्या समग्र शिक्षा योजनेत गट साधन केंद्राच्या पातळीवर विशेष शिक्षक व विषयतज्ज्ञ हे काम पाहतात आणि गरजेनुसार तज्ज्ञांकडे संदर्भित करतात. दोन्ही ठिकाणी एका व्यक्तीकडे असलेली बालकांची संख्या मोठी आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेळ अल्प असतो. आठवड्यातून दोन वेळा प्रत्येकी अर्धा तास उपचार मिळाला, तरी जागेपणीच्या तासांच्या तुलनेत तो अत्यल्पच ठरतो. उरलेला सारा काळ घराचा असतो.

सुट्टीत नेमके काय घडते?

श्रवणदोष असलेल्या बालकाचे उदाहरण घेतल्यास ही प्रक्रिया स्पष्ट होते. शाळेच्या दिवसांत श्रवणयंत्र सकाळी कानाला लागते आणि शिक्षक त्यावर लक्ष ठेवतात. सुट्टीत ही शिस्त सैल होते. मे महिन्यातील घामामुळे कानातील साचा टोचू लागतो. यंत्र हरवेल या भीतीने आजी ते कपाटात ठेवून देते. लग्नसमारंभात चारचौघांत यंत्र दिसू नये असेही काही कुटुंबांना वाटते. सेल संपला तर नवा सेल जवळपास मिळेलच असे नाही. अशा रीतीने महिनाभर यंत्र बंद राहते आणि ऐकण्याची जी सवय प्रयासाने लागली होती ती मोडते. ऐकणे थांबले की ‘स’, ‘श’ यांसारखे उच्च वारंवारतेचे, मुळातच ऐकण्यास कठीण असलेले ध्वनी प्रथम अस्पष्ट होतात. ओठांवर सारखेच दिसणारे ‘पळ’, ‘बळ’, ‘मळ’ यांसारखे शब्द तर केवळ पाहून वेगळे करताच येत नाहीत.

सुट्टीतील या पिछाडीची दखल अन्यत्र कायद्याने घेतली गेली आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १८० दिवसांपेक्षा अधिक शिक्षण न देण्याच्या नियमाला १९७९ च्या आर्मस्ट्राँग विरुद्ध क्लाइन या खटल्यात आव्हान देण्यात आले. दीर्घ सुट्टीत ज्या बालकांची कौशल्ये मोठ्या प्रमाणात लोप पावतात आणि ती परत मिळवण्यास फार काळ लागतो, त्यांच्यासाठी वाढीव शैक्षणिक वर्षाची संकल्पना पुढे त्या देशात रूढ झाली. आपल्याकडील शालेय व्यवहारात अशी स्वतंत्र सेवा रूढ झालेली नाही. परिणामी सुट्टीचे नियोजन वैयक्तिक तज्ज्ञाच्या दूरदृष्टीवर अवलंबून राहते.

सातारा-सांगली परिसरातील उन्हाळा : एक संधी

या दोन जिल्ह्यांत मे महिन्याला वेगळे सामाजिक महत्त्व आहे. पाटण, जावळी या भागांतील अनेक कुटुंबांतील पुरुष मुंबई-नवी मुंबईत माथाडी व अन्य कामांसाठी राहतात आणि सुट्टीत, यात्रेला किंवा लग्नसराईला गावी येतात. खानापूर, आटपाडी, खटाव या भागांतील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त देशभर विखुरलेले असून त्यांची कुटुंबेही या दिवसांत गावाकडे येतात. जत, आटपाडी, माण यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांतून ऊसतोडीसाठी गेलेले मजूर गाळप हंगाम संपल्यावर परततात. वर्षभर एकत्र न आढळणारे आईवडील, आजीआजोबा आणि निवासी शाळेतून आलेले मूल या काळात एका छपराखाली असतात.

याचा अर्थ असा की, एरवी केवळ आईशीच किंवा दूरध्वनीवरून होणारा संवाद या काळात संपूर्ण कुटुंबाशी होऊ शकतो. यंत्राचा खर्च, शस्त्रक्रियेची संमती, शाळा बदलण्याचा निर्णय या बाबी बहुधा वडील किंवा आजोबा यांच्या शब्दावर अवलंबून असतात. तो शब्द मिळवण्यासाठी त्यांना प्रत्यक्ष भेटण्याचा योग वर्षातून याच वेळी येतो.

याच काळात १ मे रोजी ग्रामसभा भरते. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावा असे शासनाचे धोरण आहे. श्रवणयंत्राचे सेल, कानाचे साचे किंवा दुरुस्ती यांसाठीची मागणी पालकांनी या सभेत लेखी स्वरूपात मांडावी, यासाठी तज्ज्ञ त्यांना एप्रिलमध्येच अर्जाचा नमुना देऊ शकतो.

सुट्टीतील कार्याची रूपरेषा

१) सुट्टीपूर्व तयारी

सुट्टीचे काम एप्रिलमध्ये सुरू होते. निवासी शाळेतील बालक घरी जाण्यापूर्वी त्याची श्रवणचाचणी, यंत्राची तपासणी व कानातील साच्याची पाहणी होणे आवश्यक असते. वाढत्या वयात कान वाढतो, साचा सैल होतो आणि यंत्रातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो. असे यंत्र बालक स्वतःहूनच काढून टाकते. सुट्टी पुरेल इतके सेल आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची हवाबंद डबी सोबत द्यावी.

पालकांना यंत्र रोज तपासण्याची सोपी पद्धत शिकविता येते. डॅनियल लिंग यांनी मांडलेल्या सहा ध्वनींच्या चाचणीत ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’, ‘म’, ‘श’, ‘स’ हे ध्वनी एकेक करून उच्चारले जातात. आईने मुलाच्या मागे किंवा बाजूला उभे राहून, ओठ दिसणार नाहीत अशा रीतीने हे ध्वनी म्हणावेत आणि मुलाने ते पुन्हा म्हणावेत किंवा ऐकू आल्याची खूण करावी. काल ऐकू आलेला ‘श’ आज ऐकू येत नसेल, तर सेल, साचा किंवा कान यांपैकी कोठे तरी बिघाड आहे हे तत्काळ ध्यानात येते. या तपासणीस दोन मिनिटे लागतात व खर्च काहीच येत नाही.

कानाच्या आरोग्याबाबत स्थानिक सवयी लक्षात घेऊन सूचना द्याव्या लागतात. उन्हाळ्यात मुले विहिरीत, कालव्यात किंवा कृष्णेच्या पात्रात पोहतात. पोहण्यापूर्वी यंत्र काढून ठेवावे आणि ज्यांच्या पडद्याला छिद्र आहे किंवा कान वाहतो त्यांनी कानात पाणी जाऊ देऊ नये. कानात कोमट तेल घालण्याची प्रथा अशा बालकांच्या बाबतीत अपायकारक ठरते, हे घरातील वडीलधाऱ्यांना आदरपूर्वक समजावणे गरजेचे असते.

२) घरातील कामे : भाषेची पाठशाळा

सुट्टीसाठी पालकांना दिला जाणारा अभ्यास बहुधा शब्दांच्या लांबलचक यादीच्या स्वरूपात असतो. शेतात किंवा घरकामात गुंतलेली आई ती यादी घेऊन बसू शकत नाही आणि न केल्याची खंत मात्र बाळगते. त्यापेक्षा प्रत्येक बालकासाठी फक्त दोन उद्दिष्टे निश्चित करून ती चालू कामांत गुंफणे श्रेयस्कर होय.

उन्हाळ्यातील वाळवण हे याचे उत्तम उदाहरण आहे. पापड, कुरडया, सांडगे करताना भिजवणे, शिजवणे, वाटणे, लाटणे, वाळवणे, उलटणे, राखणे अशी क्रियापदांची समृद्ध मालिका वारंवार आणि प्रत्यक्ष कृतीसह कानावर पडते. ‘आधी’, ‘मग’, ‘शेवटी’ हा क्रम शिकवण्यासाठी कुरडईसारखे दुसरे साधन शोधूनही सापडणार नाही. ‘काल भिजवले, आज वाटले, उद्या वाळेल’ या तीन वाक्यांत भूतकाळ व भविष्यकाळ दोन्ही येतात. ‘ळ’ या ध्वनीचा सराव डाळ, गूळ, केळे, वाळवण या शब्दांतून होतो. ‘वेल-वेळ’, ‘काल-काळ’, ‘वात-वाट’, ‘कीर-खीर’ यांसारख्या जोड्यांतून अर्थभेदक ध्वनींची जाणीव करून देता येते. तासगाव भागात बेदाण्याचे शेड, मिरज-सांगलीकडे हळद शिजवणे व वाळवणे, माण-खटावमध्ये शेळ्यामेंढ्यांची देखभाल अशा परिसरागणिक बदलणाऱ्या कामांचा असाच उपयोग होतो.

आईला सांगावयाच्या गोष्टी मोजक्या असाव्यात. मुलाच्या जवळ व समोर राहून बोलावे, हातातील कामाविषयी बोलावे, मुलाने एक शब्द म्हटला की तोच वाढवून दोन-तीन शब्दांत परत द्यावा, उत्तरासाठी थांबावे आणि ‘म्हण, म्हण’ असा तगादा लावू नये. ‘पापड’ असे मूल म्हणाले, तर ‘हो, गोल पापड’ किंवा ‘पापड वाळला’ असे म्हणणे पुरेसे असते.

पालकांना प्रशिक्षित करण्याची ही दृष्टी नवी नाही. लॉस एंजेलिस येथील जॉन ट्रेसी क्लिनिक ही संस्था १९४२ मध्ये एका कर्णबधिर मुलाच्या आईने, लुईज ट्रेसी यांनी, स्थापन केली. या संस्थेने कर्णबधिर बालकांच्या पालकांसाठी टपालाने मोफत पाठ पाठविण्याचा उपक्रम चालविला आणि त्याचा लाभ अनेक देशांतील कुटुंबांनी घेतला. आज टपालाची जागा भ्रमणध्वनीने घेतली आहे. आठवड्यातून एक ध्वनिमुद्रित संदेश आणि पालकांनी पाठविलेली एक मिनिटाची चित्रफीत एवढ्यावरही मार्गदर्शन चालू ठेवता येते.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. फुगे फुगवणे, मेणबत्ती विझवणे, जीभ वरखाली करणे असे व्यायाम सुट्टीचा अभ्यास म्हणून सर्रास दिले जातात. अशा व्यायामांनी उच्चार सुधारतात याला पुरेसा शास्त्रीय आधार मिळालेला नाही. मर्यादित वेळ प्रत्यक्ष बोलण्यासाठीच वापरणे इष्ट ठरते.

३) घरभाषेचा अभ्यास आणि शब्दसंग्रह

गृहभेटींमुळे तज्ज्ञाला बालकाची घरभाषा ऐकण्यास मिळते. उपचारात वापरली जाणारी चित्रे, शब्दयाद्या व चाचण्या बहुतांशी प्रमाण मराठीवर बेतलेल्या असतात. ग्रामीण सातारा-सांगलीत ‘पाणी’ऐवजी ‘पानी’, ‘लोणी’ऐवजी ‘लोनी’ हे उच्चार अनेक घरांत स्वाभाविक आहेत. ज्या मुलाच्या घरात सर्वच जण ‘पानी’ म्हणतात, त्याच्या ‘न’काराला उच्चारदोष मानून महिनोन्महिने उपचार करणे हा श्रमाचा अपव्यय होय आणि त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे त्या कुटुंबाच्या भाषेचा तो अवमान होय. बोलीभेद आणि वाणीदोष यांतील हा फरक घरी गेल्याशिवाय निश्चितपणे करता येत नाही.

जत तालुक्यातील अनेक घरांत कन्नड बोलली जाते. वडारी, कैकाडी, बंजारा या घरभाषाही या परिसरात आहेत. गलाई व्यावसायिकांच्या मुलांच्या कानांवर घरी मराठी व बाहेर तमिळ, तेलुगू किंवा हिंदी पडत असते. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलते हा समज शास्त्राला मान्य नाही. मूल उशिरा बोलत असल्यास दोन्ही भाषांतील त्याची क्षमता तपासावी लागते आणि ‘घरी फक्त मराठीच बोला’ असा सल्ला दिल्यास आईचे स्वाभाविक बोलणेच खुंटते. सुट्टीतील पंधरा दिवसांत तज्ज्ञाने आपल्या क्षेत्रातील रोजच्या वापरातील दोनशे शब्द घरभाषेतील उच्चारांसह नोंदविले, तरी पुढील वर्षाच्या उपचाराला भक्कम आधार मिळेल.

४) खुणांची भाषा व अन्य संवादमाध्यमे

सर्वच बालके केवळ वाचेच्या आधारे पुरेशी भाषा मिळवू शकत नाहीत. निवासी शाळेत परस्परांशी खुणांनी मनमोकळेपणे बोलणारे मूल घरी आल्यावर मुके होते, कारण घरात त्या खुणा कोणालाच ठाऊक नसतात. सहा आठवडे भरल्या घरात एकटे पडण्याचा हा अनुभव बालकाच्या भाषिक व भावनिक विकासाला घातक असतो. नवी दिल्ली येथे २०१५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने दहा हजार शब्दांचा सांकेतिक भाषेचा कोश उपलब्ध करून दिला आहे. त्यातील घरगुती वापराच्या पन्नास खुणा संपूर्ण कुटुंबाला शिकविणे हे सुट्टीतील मोलाचे काम होऊ शकते. खुणा शिकविल्यास मूल बोलणार नाही ही भीती निराधार असल्याचे पालकांना समजावून द्यावे. मेंदूच्या पक्षाघातामुळे किंवा स्वमग्नतेमुळे न बोलणाऱ्या बालकांसाठी चित्रफलक उपयुक्त ठरतो. आयआयटी मुंबईमध्ये विकसित झालेले ‘जेलो’ हे चित्राधारित संवाद-ॲप मराठीतही वापरता येते.

५) अडखळत बोलणारी बालके, दुभंगलेली टाळू आणि नव्या बालकांचा शोध

अडखळत बोलणाऱ्या मुलाला लग्नसराईत पाहुण्यांच्या प्रश्नांना सामोरे जावे लागते. ‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’ असे सल्ले, अपुरे वाक्य दुसऱ्याने पूर्ण करणे किंवा तोंडात खडे ठेवून बोलावयास लावणे यांमुळे ताण वाढतो. बोलणे पूर्ण होईपर्यंत शांतपणे ऐकणे हाच कुटुंबाने करावयाचा पहिला उपचार होय. मोठ्या मुलांसाठी चार-पाच जणांचा एकत्रित सराववर्ग सुट्टीत घेता येतो. आपल्यासारखे बोलणारे दुसरेही कोणी आहे, ही जाणीवच अनेकांना धीर देते.

दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया साधारणपणे बोलणे सुरू होण्याच्या सुमारास, म्हणजे पहिल्या दीड वर्षात होणे हितावह असते. ती राहून गेलेल्या किंवा दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज असलेल्या शालेय मुलांसाठी पालक सुट्टीचा काळ निवडतात. अशा वेळी मिरज येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा अन्य उपचारकेंद्राशी संपर्क आणि शस्त्रक्रियेनंतरच्या वाचा-उपचाराचे वेळापत्रक हे दोन्ही तज्ज्ञाने आधीच ठरवावे. टाळू शिवली गेली तरी बोलण्याच्या जुन्या सवयी आपोआप बदलत नाहीत.

गृहभेटीत त्याच वस्तीतील नवी बालकेही दृष्टीस पडतात. ‘याचा बापही उशिरा बोलला होता’ या विश्वासावर किंवा जिभेला वेखंड उगाळून लावण्यावर विसंबून मोलाची वर्षे निघून जातात. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर सर्वप्रथम श्रवणचाचणी करावी, हे सूत्र अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्ती यांच्यापर्यंत पोहोचविता येते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोष, दुभंगलेले ओठ-टाळू आणि भाषाविकासातील विलंब यांचा समावेश असून त्याच्या पथकांमार्फत अशा बालकांना पुढील तपासणीसाठी पाठविता येते.

६) स्वतःचे अध्ययन व विश्रांती

भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणीच्या नूतनीकरणासाठी निरंतर पुनर्वसन शिक्षणाचे कार्यक्रम पूर्ण करावे लागतात. शालेय वर्षात रजा मिळणे कठीण असल्याने त्यासाठी सुट्टीचे दिवस सोयीचे ठरतात. कॉक्लिअर इम्प्लांट झालेल्या बालकांचे पुनर्वसन, स्वमग्न बालकांशी संवाद, सांकेतिक भाषा हे विषय सध्याच्या गरजा पाहता अग्रक्रमाचे आहेत.

विश्रांतीचे महत्त्वही दुर्लक्षून चालणार नाही. वाचा-उपचारतज्ज्ञाचे प्रमुख साधन त्याचा स्वतःचा आवाज असतो. दहा महिने मोठ्याने, स्पष्ट व पुनःपुन्हा बोलल्यामुळे स्वरयंत्रावर ताण येतो आणि घोगरेपणा किंवा थकवा जाणवतो. दोन आठवडे तरी आवाजाला खरी विश्रांती मिळावी. इतरांना वाणी देणाऱ्याने स्वतःची वाणी जपणे हा व्यवसायाचाच भाग होय.

७) जूनमधील पडताळणी

शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात एप्रिलमधील नोंदींशी तुलना करून कोणते कौशल्य टिकले, कोणते वाढले व कोणते गळाले हे पाहावे. गळालेले कौशल्य परत मिळण्यास किती आठवडे लागले याची नोंद ठेवली, तर दोन-तीन वर्षांत स्थानिक पातळीवरील विश्वासार्ह माहिती हाती येईल आणि सुट्टीतील सेवेची मागणी शासनाकडे साधार मांडता येईल. पाटण, महाबळेश्वरकडील पावसाळी दमटपणात यंत्रांत ओलावा शिरतो. त्यामुळे यंत्रांची दुसरी तपासणी याच आठवड्यात करणे अगत्याचे असते.

मर्यादा आणि अडचणी

वरील रूपरेषेत तज्ज्ञाने संपूर्ण सुट्टी कामातच घालवावी असे अभिप्रेत नाही. सुट्टी हा सेवाशर्तींचा भाग आहे आणि सेवाभावाच्या नावाखाली विनामोबदला श्रम अपेक्षिणे अन्याय्य होय. सुट्टीचा लाभ घेता न आलेल्या कर्मचाऱ्यास त्या प्रमाणात अर्जित रजा देण्याचे तत्त्व महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये मान्य केलेले आहे. हेच तत्त्व शाळा व्यवस्थापनांनी लेखी आदेशाद्वारे पाळल्यास आणि प्रवासखर्चाची तरतूद केल्यास गृहभेटींना स्थैर्य येईल. कराराने नेमलेल्या तज्ज्ञांच्या बाबतीत ही तरतूद विशेष निकडीची आहे.

अंतर ही दुसरी अडचण आहे. कोयना खोऱ्यातील वाड्या आणि जतच्या पूर्वेकडील गावे यांना एकेकटी भेट देणे परवडणारे नसते. बालकांची तालुकानिहाय विभागणी करून एखाद्या मध्यवर्ती गावी, बाजाराच्या दिवशी, चार-पाच कुटुंबांना एकत्र बोलावणे व्यवहार्य ठरते. कुटुंबांच्या दुपारच्या विसाव्याची वेळ आणि यात्रा-लग्नाच्या तिथी पाहूनच भेटी ठरवाव्या लागतात.

महाविद्यालयांचा सहभाग

या कार्यात परिसरातील महाविद्यालयांना निश्चित स्थान आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० च्या अंमलबजावणीनंतर पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्पाचा समावेश झाला आहे. मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील घरगुती शब्दांचे उच्चारासह संकलन केल्यास बोलीविषयक अभ्यास होईल आणि तज्ज्ञाला शब्दसंग्रह मिळेल. मानसशास्त्र व समाजशास्त्र विभागांना पालकांच्या समजुती व अडचणी यांची पाहणी करता येईल. संगणकशास्त्राचे विद्यार्थी स्थानिक चित्रे व आवाज वापरून संवादफलक तयार करू शकतील. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना श्रवणचाचणी शिबिराच्या आयोजनात सहभागी होता येईल.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळली पाहिजेत. अप्रशिक्षित विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष उपचार करू नयेत. तसेच बालकाचे नाव, छायाचित्र व वैद्यकीय माहिती पालकांच्या लेखी संमतीवाचून कोणत्याही अहवालात प्रसिद्ध होऊ नये.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने याच भूमीत शिक्षण वंचितांच्या दारापर्यंत नेले. ज्याला ऐकू येत नाही किंवा बोलता येत नाही असे बालक आजही शिक्षणाच्या परिघावरच उभे आहे. त्याला आत घेणे हे त्या परंपरेशी सुसंगतच ठरेल.

निष्कर्ष

१. सुट्टीत उपचार खंडित झाल्यास श्रवणयंत्राच्या वापराची सवय व त्यावर आधारलेली भाषा यांची हानी संभवते. एप्रिलमधील तयारी व जूनमधील पडताळणी यांद्वारे ती मर्यादित करता येते.

२. सातारा व सांगली जिल्ह्यांत मे महिन्यात संपूर्ण कुटुंब एकत्र येत असल्याने उपचार घराकडे सोपविण्यास हा काळ सर्वाधिक अनुकूल आहे.

३. घरातील चालू कामे व घरभाषा यांवर आधारलेली मोजकी उद्दिष्टे शब्दांच्या दीर्घ याद्यांपेक्षा अधिक व्यवहार्य असतात.

४. तज्ज्ञाची विश्रांती, अध्ययन व योग्य मोबदला यांची हमी असल्याशिवाय सुट्टीतील कोणताही उपक्रम दीर्घकाळ टिकणार नाही.

५. महाविद्यालयांच्या सहकार्याने घरभाषेतील शब्दसंग्रह व स्थानिक नोंदी तयार झाल्यास उपचाराचा दर्जा उंचावेल.

बालकाने शाळेत शिकलेला शब्द घरच्या ओट्यावर, वडिलांच्या व आजीच्या कानांवर पडावा आणि त्याला त्यांचे उत्तर मिळावे, हे वाचा-उपचाराचे अंतिम साध्य आहे. उन्हाळी सुट्टीचे नियोजन याच साध्याकडे पाहून व्हावयास हवे.